वरोऱ्याच्या बाजारात न खपलेली भाजी

आनंदवनात पहिल्यांदा भाजी पिकली, तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे दूध निघू लागलं, तर दुधाचीही तीच गत झाली. भाजीत काही खोट नव्हती. ज्या हातांनी ती लावली, निंदली आणि तोडली, ते हात महारोग्यांचे होते आणि गावाला एवढं कारण पुरेसं होतं. ही 1950च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, 1964 साली, त्याच आनंदवनात कॉलेज सुरू झालं आणि त्याच वरोऱ्यातली पोरं तिथे शिकायला जाऊ लागली. ती ज्या वर्गात बसत, त्याच्या भिंती त्याच हातांनी उभ्या केल्या होत्या.

आनंदवन म्हटलं की आपल्याला बाबा आमटे आठवतात, त्याग आठवतो, सेवा आठवते. ते सगळं खरंच आहे. पण अपंगांच्या रोजगाराचा इतिहास लिहायचा तर या दहा-बारा वर्षांत डोकवायला हवं. न खपलेल्या भाजीपासून भरलेल्या वर्गापर्यंत जे घडलं, ते करुणेच्या बळावर घडलं नाही. गावाला ज्याची गरज पडेल असं काहीतरी आपल्या हातांनी निर्माण करायचं आणि गावाला आपल्या दारी यायला लावायचं, असा तो बेत होता. तो विचारपूर्वक रचलेला होता आणि यशस्वीही झाला.

गावाच्या भीतीला तेव्हा कायद्याचा भक्कम आधार होता. इंग्रज सरकारने 1898 साली महारोग्यांसाठी एक कायदा केला. निराधार महारोगी रस्त्यावर दिसला की पोलिसांना त्याला वॉरंटशिवाय पकडता येई आणि त्याची रवानगी महारोग्यांच्या आश्रयगृहात होई. या कायद्यातलं एक कलम तर थेट पोटावर पाय देणारं होतं. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात महारोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधं किंवा कपडे विकायचे नाहीत, ठरवून दिलेल्या सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर पाणी भरायचं नाही, रेल्वे सोडून भाड्याच्या कुठल्याही वाहनात बसायचं नाही. सरकारला वाटलं तर आणखी धंदेही या यादीत घालता येत. आज आपण अपंगांसाठी उतार बांधा, दारं रुंद करा, नोकरीत जागा ठेवा म्हणतो. त्या कायद्याने विहीर, गाडी आणि दुकान या तिन्ही वाटा एका फटक्यात बंद करण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला होता. उरली ती भीक.

विदर्भात याविरुद्ध काम आधीच सुरू झालं होतं. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. सेवाग्रामात गांधीजींनी महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या आणि पुढे आपल्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठसेवेचं कलम घातलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. मुरलीधर देविदास आमटे या वरोऱ्याच्या वकिलाने जे केलं, ते याच मातीत उगवलेलं होतं.

बाबांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्यामुळे ती थोडक्यात सांगतो. 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला जन्म, जमीनदाराचं घर, वकिली, वरोरा नगरपालिकेचं उपाध्यक्षपद. भंगी-कामगारांचं जिणं समजून घ्यायचं म्हणून त्यांनी स्वतः मैला वाहिला. त्याच काळात एका पावसाळी रात्री गटाराशेजारी पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांना दिसला. हातापायांची बोटं झडलेला, जखमांत किडे पडलेला. बाबा घाबरून पळाले आणि त्या पळण्याची लाज वाटून परत फिरले. वरोऱ्यात 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. तिथे प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले, पण रोग काही जडला नाही. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सर्वांत जास्त सांगितला जातो. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे.

पुढची गोष्ट समजण्यासाठी हा रोग हाताचं काय करतो, ते पाहावं लागेल. नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 साली याचा जंतू शोधला. हा जंतू त्वचेत आणि हातापायांच्या मज्जातंतूंत मुक्काम करतो. आधी एखादा चट्टा बधिर होतो. मग कोपराजवळून जाणारी नस निकामी होते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, पंजा वाकडा होतो. पायाचा तळवा बधिर होतो. बोटं सडून गळतात अशी पिढ्यान्पिढ्यांची समजूत होती. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप गळत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती जखमांनी झिजतात. कुदळ धरली, फोड आला, फोड फुटला, तरी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मूठ, तोच दांडा. जखम हाडापर्यंत गेली आणि एकेक पेर कमी झालं. चुलीवरचं पातेलं उघड्या हाताने उतरवलं तर मांस भाजल्याचा वास आधी येतो, जाणीव मागाहून.

म्हणजे इथे एक विचित्र पेच होता. माणूस म्हणून ताठ उभं राहायचं तर हाताला काम हवं, आणि तेच काम हाताला खात होतं. अशा माणसाला नुसती कुदळ देऊन भागत नाही. दांड्याची मूठ जाड करावी लागते, तिच्यावर कापड गुंडाळावं लागतं. ज्याची बोटं आखडली आहेत त्याला तळहाताने ढकलता येईल असं काम द्यावं लागतं. सतत एकाच जागी दाब पडू नये म्हणून कामं आलटूनपालटून द्यावी लागतात. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात प्रत्येकाने आपले हात-पाय उलटेपालटे करून पाहायचे, कुठे लाली, कुठे फोड, कुठे रुतलेला काटा, कारण शरीर स्वतःहून काही सांगत नाही. पायात मऊ रबराची चप्पल हवी, तिला खिळा चालत नाही. आज कामाच्या जागी अपंगांसाठी करायच्या सोयीसवलतींवर कार्यशाळा होतात, पुस्तिका निघतात. कुष्ठरुग्णांच्या वसाहतींमध्ये हे शास्त्र रोजच्या कामातून, जखमा बांधता बांधता तयार झालं.

आणखी एका गोष्टीने हे शक्य झालं. चाळीसच्या दशकापर्यंत कुष्ठरोगावर चालमोग्राच्या तेलाच्या वेदनादायक सुया एवढाच काय तो इलाज होता. मग सल्फोन वर्गातली औषधं आली आणि डॅप्सोनची स्वस्त गोळी खेड्यापाड्यात पोचू लागली. रोग बरा होऊ लागला. पण बरा झालेला माणूस घरी जाऊ शकत नव्हता. जंतू मेले तरी वाकडा हात तसाच राहायचा, आणि घर, गाव, जात सगळ्यांना दिसायचा तो हातच. बरे झालेले आणि कुठेच जागा नसलेले असे लोक वाढू लागले. औषधाने एक प्रश्न सोडवून दुसरा उभा केला होता.

1951 साली वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन समितीला मिळाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. जिल्ह्याचं नाव चांदा. जमीन कसली, दगड आणि झुडपी जंगल. विंचू-सापांचं राज्य होतं आणि जनावराचा वावर होता. वरोऱ्यात एकेकाळी कोळशाची खाण चालायची. ती 1906 साली बंद पडल्यावर गावाची भरभराटही ओसरली होती. त्या गावाबाहेर बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, तीन-साडेतीन वर्षांचा विकास, अडीच वर्षांचा प्रकाश, सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय एवढी मंडळी राहायला गेली. गाठीला 14 रुपये. तेलंगणातली भूदानाची पहिली पदयात्रा आटोपून परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते जूनमध्ये आनंदवनाचं उद्घाटन झालं.

पाणी नव्हतं. विहीर खणायची ठरली. जमीन कातळाची, ऊन वऱ्हाड-चांद्याचं, आणि खणणारे हात वर वर्णन केले तसे. तीसेक फुटांवर पाणी लागलं. या विहिरीचं महत्त्व माझ्या मते पाण्यापुरतं नाही. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांनी स्वतःच्या मालकीचा पाणवठा केला. पाणी लागलं म्हणून शेती झाली, शेती झाली म्हणून खाऊन उरेल एवढी भाजी झाली, आणि भाजी उरली म्हणून बाजाराचा प्रश्न आला. पोटापुरतंच पिकवलं असतं तर आनंदवन आणखी एक आश्रयगृह होऊन राहिलं असतं. उरलेली भाजी बाजारात न्यायची, हा निर्णय खरा धाडसाचा.

या सगळ्यात साधनाताईंचा वाटा वेगळा सांगावा लागेल. नागपूरच्या सनातनी घुले घराण्यातली इंदू 1946 साली आमट्यांच्या घरात आली. दोन तान्ही म्हणावीत अशी मुलं घेऊन ती महारोग्यांच्या वस्तीत राहिली. तिथल्या लोकांच्या पंक्तीला तिची मुलं जेवली, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. बाहेरचं जग ज्या हाताचं दूध घेत नव्हतं, त्या हाताचा घास एक आई आपल्या लेकरांना भरवू देत होती. रोगाच्या भीतीवर याहून मोठं उत्तर वैद्यकशास्त्राला देता आलं नसतं.

बाजाराचा बहिष्कार मात्र फुटेना. तो फुटला परदेशी पाहुण्यांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था काढली होती. युद्धात उद्ध्वस्त झालेली गावं हातांनी पुन्हा बांधायची, हा तिचा कार्यक्रम. या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण 1953-54च्या सुमारास आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी विटा वाहिल्या, दवाखान्याच्या आणि राहण्याच्या इमारती उभ्या केल्या, आणि रोज आनंदवनाचीच भाजी खाल्ली, तिथलंच दूध प्यायले. वरोऱ्याच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. गोऱ्या साहेबाला काही होत नाही तर आपल्याला काय होणार, असा विचार गावाने केला आणि भाजी खपू लागली. डॉक्टर सांगत होते ते पटलं नाही, शेजारी जगणाऱ्या आमटे कुटुंबाचा दाखला पटला नाही, आणि दूरदेशीच्या पोरांचं जेवण पटलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण दार उघडलं हे खरं.

एकदा बाजार खुला झाल्यावर आनंदवनाने मागे पाहिलं नाही. शेतीपाठोपाठ दुग्धव्यवसाय वाढला. पत्र्याचे डबे करण्याचा कारखाना आला. हातमाग, सुतारकाम, लोहारकाम, चपला-बूट, छपाई अशी एकेक खाती उघडली. वस्तीला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट वस्तीतच व्हावी आणि जास्तीची बाहेर विकावी, असा क्रम होता. इमारती बांधायला बाहेरचे गवंडी आणायची पद्धत नव्हती. आनंदवनाचे गवंडी आनंदवनातच तयार झाले आणि त्यांनी शेकडो घरं बांधली. दान घेणारा माणूस दुबळा होतो आणि काम करणारा उभा राहतो, हे बाबांचं सूत्र होतं. त्यांच्या तोंडी ते घोषवाक्यासारखं आलं असेल, पण आनंदवनाच्या हिशेबाच्या वह्यांनी ते खरं करून दाखवलं.

मग कॉलेज. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वरोऱ्याच्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचं तर घर सोडून मोठ्या शहरात जावं लागे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोराला ते झेपणारं नव्हतं, मुलींचा तर प्रश्नच मिटलेला. अशा गावाला कॉलेज द्यायचं, ते महारोग्यांनी बांधून द्यायचं, आणि ते गावात न बांधता आनंदवनाच्या जमिनीवर बांधायचं, असं ठरलं. या शेवटच्या अटीत सगळी मख्खी आहे. आनंद निकेतन महाविद्यालय 1964 साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी कृषी महाविद्यालय निघालं. अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झालं 1969 साली, म्हणजे विद्यापीठाच्याही चार वर्षं आधी महारोग्यांच्या वस्तीत शेतकीचं पदवी शिक्षण सुरू झालेलं होतं. कातळातून पाणी काढणाऱ्या लोकांच्या शेजारी शेतीचा अभ्यास करायला मिळाला, याहून चांगली प्रयोगशाळा त्या मुलांना कुठे मिळाली असती?

दान उलट दिशेने वाहू लागलं होतं. आजवर गाव महारोग्यांना देत आलं होतं, आणि तेही दुरून टाकलेलं. आता महारोगी गावाला देऊ लागले आणि गावाला ते घ्यायला आत यावं लागलं. आई-बापांना जी दहशत होती ती मुलांना उरली नाही. वर्गाकडे जाताना हातमागाच्या खटखटीजवळून जावं लागे, शेतात काम करणारी माणसं दिसत, नमस्कार-चमत्कार होत. सरकारी पत्रकांनी जे साधलं नसतं ते एका रोजच्या वाटेने साधलं.

इथून पुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आनंदवनाने दारं इतर अपंगांना उघडली. अंध मुलांसाठी शाळा निघाली, मूकबधिर मुलांसाठी निघाली. पोलिओने पाय गेलेल्या, अपघातात हात गेलेल्या तरुण-तरुणींना धंदेशिक्षण देणारं संधिनिकेतन उभं राहिलं. शिवण, सुतारकाम, वेल्डिंग, विणकाम असे कितीतरी धडे तिथे मिळू लागले. आणि या मुलांसमोर कसबी म्हणून कोण होते? कुष्ठरोगातून बरे झालेले कारागीर. हात अधू असताना करवत कशी धरायची, हे ज्यांनी वीस वर्षं घाम गाळून शोधलं होतं, त्यांच्याहून चांगला गुरू अपंग पोराला मिळणं शक्य नव्हतं. धडधाकट शिक्षक दया दाखवतो किंवा घाई करतो. वाकड्या बोटांचा कारागीर दोन्ही करत नाही, कारण मूठ कुठे अडते हे त्याला आधीच माहीत असतं. विकास आमटे डॉक्टर होऊन परतले आणि त्यांनी या उद्योगांचा व्याप पुष्कळ वाढवला. टाकाऊ टायरपासून बंधाऱ्यापर्यंत त्यांच्या कल्पनांना तोटा नव्हता. अंध, मूकबधिर आणि कुष्ठमुक्त कलाकारांना घेऊन त्यांनी उभा केलेला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद महाराष्ट्रभर फिरला. लोक तिकीट काढून आले. तिकीट काढून, हे महत्त्वाचं.

बाबा स्वतःही दरम्यान अपंग झाले होते. पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याने त्यांना बसता येईना. उभं राहायचं किंवा आडवं पडायचं, मधलं काही नाही. आयुष्याची शेवटची काही दशकं त्यांनी अशीच काढली. 1985-86 साली कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा काढली तीही गाडीत आडवं पडून. अपंग माणसाला प्रवास का करता येऊ नये, असं त्यांनी भाषणात सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी प्रवास केला, एवढंच.

जंगलाच्या आतल्या बाजूलाही या माणसांनी वाट काढली. मूल तालुक्यातल्या सोमनाथला 1967च्या सुमारास नवा प्रकल्प सुरू झाला. झाडी-झुडपांची जमीन साफ करून बरे झालेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे धानाच्या बांध्या घातल्या. तिथल्या श्रमसंस्कार छावणीत दर मे महिन्यात महाराष्ट्रभरची कॉलेजातली मुलं येऊ लागली, त्या शेतकऱ्यांच्या बरोबरीने घमेली उचलू लागली. छावणीत आलेल्या कित्येक मुलांची आयुष्यं तिथून वळली.

सोमनाथनंतर हेमलकसा. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या अरण्यात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो 1982 साली झाला. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख पावसाळ्यात महिनोन्महिने तुटलेला असे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांच्या कामाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, सिनेमाही झाला आहे. त्यांच्याबरोबर ज्यांनी तिथल्या पहिल्या झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या, पहिली शेती केली, त्यांच्यात आनंदवनातून आलेले कुष्ठमुक्त कार्यकर्ते होते, हे मात्र ओझरतं येतं. तिथले माडिया आदिवासी सुरुवातीला प्रकल्पाच्या दवाखान्याकडे फिरकत नसत. पहिल्या रुग्णांपैकी एक होता फेफऱ्याचा झटका येऊन विस्तवात पडलेला, फार भाजलेला मुलगा. घरच्यांनी आशा सोडलेली होती. तो बरा होऊन चालत घरी गेला आणि मग दवाखान्यापुढे रांगा लागल्या. ज्यांना एकदा समाजाने टाकून दिलं होतं, त्यांनी उभारलेल्या कुडाच्या भिंतीआड दुसऱ्या टाकलेल्यांचे प्राण वाचू लागले.

गौरव पुष्कळ झाले. 1971 साली पद्मश्री, 1979 साली जमनालाल बजाज पुरस्कार, 1983 साली कुष्ठसेवेसाठीचा अमेरिकेतला डेमियन-डटन पुरस्कार, 1985 साली मॅगसेसे, 1986 साली पद्मविभूषण, 1988 साली संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क पारितोषिक, 1990 साली टेम्पल्टन, 1999 साली गांधी शांतता पुरस्कार. नर्मदेच्या आंदोलनाच्या वेळी पद्म सन्मान बाबांनी सरकारला परतही केले. पुरस्कारांची रीत अशी की तो एका नावाला मिळतो. विहीर खणणाऱ्या त्या सहा जणांना, पहिल्या गवंड्यांना, संधिनिकेतनातल्या वाकड्या बोटांच्या गुरूंना मानपत्रं मिळाली नाहीत. अपंगांच्या रोजगारासाठी झटणाऱ्यांचा गौरव करायचा तर मानाचं पहिलं पान त्यांचं आहे, कारण अपंगांना काम देणारेही अपंगच होते.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आनंदवन यशस्वी झालं तरी ते वेगळं गाव होतं. तिथे काम होतं, मान होता, संसार होता, पण वेशीच्या आत. बाहेरच्या कारखान्यांनी, कचेऱ्यांनी, दुकानांनी कुष्ठमुक्त माणसाला बोलावून काम दिलं, असं फारसं झालं नाही. वरोरा आनंदवनात आलं. आनंदवनाला वरोऱ्यात तितक्याच सहज जाता आलं का, या प्रश्नाचं उत्तर समाधानाचं नाही. याचा दोष मी आनंदवनाला देणार नाही. त्यांनी आपल्या वाट्याचं काम केलं होतं. उरलेलं काम समाजाचं आणि कायद्याचं होतं, आणि कायदा फार सावकाश चालला.

संसदेने अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा केला 1995 साली. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि 'कुष्ठरोगमुक्त' हा त्यांतला एक. यादीत नाव आलं, पण सरकारी नोकरीतल्या 3 टक्के राखीव जागा वाटल्या गेल्या त्या दृष्टी, श्रवण आणि हालचालींच्या अपंगत्वाला. कुष्ठमुक्त माणसाचं नाव त्या वाटणीत नव्हतं. दरम्यान बहुविध औषधोपचाराने रोग सहा-बारा महिन्यांत बरा होऊ लागला होता आणि 2005च्या अखेरीस देशाने कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीरही केलं. तरीही 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरुग्णाला नगरपालिकेच्या पदासाठी अपात्र ठरवणारी ओडिशाच्या कायद्यातली तरतूद वैध ठरवली. 1898चा तो जुना कायदा केंद्राच्या कायद्यांच्या यादीतून निघाला 2016 साली. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांच्या वाटणीत 'कुष्ठरोगमुक्त' हा शब्द पहिल्यांदा लिहिला गेला. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग काढून टाकायला 2019 साल उजाडलं. आनंदवनातल्या विहिरीला पाणी लागून तोवर पासष्टहून अधिक वर्षं झाली होती.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आजही राज्यातले जास्त कुष्ठरुग्ण सापडणारे जिल्हे आहेत. पण इथल्या आदिवासी पाड्यांत आज आणखी एका दुखण्याने हात रिकामे केले आहेत, ते म्हणजे सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फोडणाऱ्या कळा येतात. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभं राहणं, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणं, मोहफुलांची टोपली डोक्यावर आणणं, यांतलं कुठलंच काम अशा पोराला धड जमत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणून आळशी ठरतो. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालय केलं, ते चांगलंच झालं. पण अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय गाठायचं तर दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापावं लागतं, मजुरी बुडते, आणि पर्लकोटेला पूर आला की तेही राहतं.

2016च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल आहे. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागा त्या मुलांना मिळू शकतात. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांच्या वाटणीत मात्र सिकलसेलचं नाव नाही. 1995 साली कुष्ठमुक्त माणूस यादीत होता आणि नोकरीच्या वाटणीत नव्हता. पाड्यावरचं सिकलसेलचं पोर आज नेमकं तिथेच उभं आहे. मधल्या काळात कुष्ठमुक्तांना वाटणीत यायला एकवीस वर्षं लागली. ज्या दोन जिल्ह्यांनी देशाला आनंदवन दिलं, तिथल्या आमदार-खासदारांनी, डॉक्टरांनी, कॉलेजांनी ही मागणी दिल्लीपर्यंत न्यायला हवी, आणि या वेळी एकवीस वर्षं लागता कामा नयेत.